चिंगीचं अंगण

लास व्हेगासला माझ्या लेकीच्या घरामागे दोन खोल्यांएवढं अंगण आहे. मागच्या वसंतात मी तिच्याकडे गेले, तेव्हा त्या अंगणात हिरवळ होती आणि हिरवळीत सात चट्टे होते. प्रत्येक चट्टा भाकरीएवढा. मधोमध गवत जळून पिवळं पडलेलं आणि भोवतीनं मात्र बाकीच्या हिरवळीपेक्षा दाट, काळपट हिरव्या गवताचं कडं. जणू कोणीतरी मोजून-मापून काढल्यासारखं.

हे काम चिंगीचं. चिंगी ही लेकीची बीगल जातीची कुत्री, वजन अकरा किलो. कुत्रीची लघवी कुत्र्यापेक्षा जहाल असते असा एक समज आहे. तसं काही नसतं. नर कुत्रा खांबाखांबाला थोडं थोडं शिंपडत जातो, कुत्री एका जागी बसून सगळं रिकामं करते, एवढाच फरक. त्या लघवीत युरिया असतो. आपले शेतकरी गोणीतून आणून पिकाला देतात तोच, रेणूनं रेणू तोच. मुठीनं पसरून टाकला तर पीक तरारतं, एकाच जागी ढीग पडला तर मुळं करपतात. चिंगीच्या प्रत्येक चट्ट्यात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या होत्या. मधे अति, कडेला बेताचं.

लेक आणि जावई यांनी ही हिरवळ काढून कृत्रिम गवत बसवायचं ठरवलं होतं. आपल्याकडे ‘टर्फ’ म्हटलं की रात्री दिव्यांच्या झोतात चालणारं बॉक्स क्रिकेट डोळ्यांपुढे येतं. प्लॅस्टिकच्या गवतावर कुत्रं ठेवायचं, या कल्पनेनं माझं मन खट्टू झालं. पण मग मी सलग चार दिवस मागच्या पायरीवर बसून ते काम पाहिलं, मिळेल त्याला प्रश्न विचारले, रात्री वाचत बसले. आणि त्या हिरव्या सतरंजीखाली केवढं रसायनशास्त्र आणि केवढा भूगोल दडलेला आहे, हे पाहून थक्क झाले.

आधी पाण्याचं सांगते, कारण गवत जायचं पहिलं कारण चिंगी नव्हती, पाणी होतं. लास व्हेगास वाळवंटात आहे. तिथे वर्षाला जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस पडतो. शहराचं सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, हूवर धरणामागच्या लेक मीड जलाशयातून येणारं. १९३० च्या दशकात हा जलाशय भरायला लागला, त्यानंतरची सगळ्यात खालची पातळी त्यानं २०२२ मध्ये पाहिली. एक चौरस फूट हिरवळ काढून तिथे वाळवंटाला मानवणारी झाडं लावली, तर वर्षाला ५५ गॅलन, म्हणजे २०० लिटरहून जास्त पाणी वाचतं, असा तिथल्या पाणी प्राधिकरणाचा हिशेब आहे. एका चौरस फुटाला! नेव्हाडा राज्यानं २०२१ मध्ये कायदाच केला, की रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांवरची, दुकानांपुढची, म्हणजे ज्यावर कोणी पाऊलही ठेवत नाही अशी शोभेची हिरवळ २०२७ पासून कोलोरॅडोच्या पाण्यावर जगवायची नाही. घरांच्या अंगणांना हा कायदा लागू नाही. पण ज्या शहरात गवताच्या प्रत्येक तुकड्याकडे पाण्याच्या हिशेबानं पाहिलं जातं, तिथे माणसं आपल्या अंगणाकडेही त्याच नजरेनं पाहू लागतात.

तसं हे प्लॅस्टिकचं गवत जन्माला आलं ते खेळासाठी. १९६५ मध्ये टेक्सासातल्या ह्यूस्टन शहरात अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं छत असलेलं भव्य मैदान सुरू झालं. छताला पारदर्शक तावदानं होती, म्हणजे आतलं गवत जगावं. पण त्या तावदानांच्या चकाकीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. तावदानं रंगवली, चेंडू दिसू लागला आणि गवत मेलं. ते गवत ‘बर्म्युडा ग्रास’चं संकरित वाण होतं. अमेरिकेत जिला बर्म्युडा म्हणतात ती म्हणजे आपली हरळी, गणपतीच्या दूर्वा. शेतातून कितीही खणून काढली तरी पुन्हा उगवणारी ती चिवट हरळी उजेडाविना हरली, आणि १९६६ मध्ये तिच्या जागी नायलॉनचं गवत अंथरलं गेलं. त्याचं आधीचं नाव केमग्रास. अ‍ॅस्ट्रोडोमवरून ते अ‍ॅस्ट्रोटर्फ झालं.

आता मुख्यतः पॉलिथिलीन वापरतात, ते नायलॉनपेक्षा मऊ असतं. प्रत्येक पात नीट पाहिली तर सपाट नसते. तिचा छेद इंग्रजी सी किंवा डब्ल्यूसारखा वळलेला असतो. पन्हाळी पत्रा जसा साध्या पत्र्यापेक्षा ताठ राहतो, तशी ही पात पायाखाली दबून पुन्हा उभी राहते. मुळाशी तपकिरी, कुरळ्या धाग्यांचा गुंता असतो, वाळक्या गवताचा भास व्हावा म्हणून. मला हे फार आवडलं. नकलेतसुद्धा कोणीतरी मरून गेलेल्या पात्यांची आठवण ठेवली होती.

आणि हे गवत शिवतात! अमेरिकेत या उद्योगाचं मोठं केंद्र म्हणजे जॉर्जिया राज्यातलं डाल्टन, गालिच्यांची राजधानी. तिथल्या कॅथरीन इव्हान्स या मुलीनं १८९५ च्या सुमारास एक जुनी कला पुन्हा हाती घेतली. चादरीत जाड सूत ओवायचं, वरचे टाके कापायचे, मग चादर गरम पाण्यात धुऊन आटवायची. आटलेलं कापड सूत घट्ट धरून ठेवतं आणि कापलेली टोकं फुलून उभी राहतात. १९०० मध्ये तिनं अशी चादर अडीच डॉलरला विकली, मग घरोघरच्या बायका तेच काम करू लागल्या, मग यंत्रं आली, चादरींचे गालिचे झाले आणि गालिच्यांच्या यंत्रांवर गवत शिवलं जाऊ लागलं. लेकीच्या अंगणात आलेल्या त्या भल्यामोठ्या गुंडाळीची पाठ मी पाहिली, तर गोधडीच्या उलट्या बाजूला दिसतात तशा टाक्यांच्या ओळीच ओळी.

ते अंथरणं मात्र शेवटच्या दिवसाचं काम. पहिले तीन दिवस सगळं चाललं होतं ते जमिनीखाली.

आधी हरळी मुळांसकट काढली. एक कांडं राहिलं तरी ती प्लॅस्टिक भेदून वर येईल, असं मुकादम म्हणाला, आणि मला आमच्या शेतावरचा गडी बोलतोय असंच वाटलं. मग चार इंच माती उपसली. तिथे खोरं खणकन वाजलं. खाली चुनखडीचा सिमेंटसारखा घट्ट थर होता. वाळवंटात हजारो वर्षं जमिनीतलं पाणी वाळत गेलं आणि चुना मागे ठेवत गेलं, त्याचा. लास व्हेगासच्या जमिनीत हा थर जागोजाग लागतो. त्यातून पाणी झिरपत नाही. म्हणून अंगणाला एका बाजूला उतार द्यायचा, मीटरला एक-दोन सेंटिमीटर. डोळ्यांना कळणार नाही पण पाण्याला कळेल इतका.

नंतर खडी. इथे कुत्र्याचं घर आणि बिनकुत्र्याचं घर यांत फरक पडतो. साध्या अंगणात बारीक चुरा मिसळलेली खडी टाकून धुमसतात. ती दगडासारखी घट्ट बसते. पण कुत्र्याच्या अंगणात तोच चुरा लघवी धरून बसतो. म्हणून धुतलेली, टोकदार, पोकळ्या ठेवणारी खडी घ्यायची. गवताच्या पाठीलाही भोकं हवीत, किंवा सगळी पाठच पाणी सोडणारी हवी. कडेला खिळे इतके जवळ जवळ ठोकले, की मी कारण विचारलं. मुकादमानं हसून चिंगीच्या पंजांकडे बोट दाखवलं. बीगल म्हणजे वासावरून सशांचा माग काढणाऱ्यांची जात. तिला एक सैल कड सापडली तर ती सगळं अंगण गुंडाळून ठेवील.

निरोगी कुत्र्याला दिवसाकाठी वजनाच्या दर किलोमागे २० ते ४० मिलिलिटर लघवी होते. चिंगीच्या हिशेबानं वर्षाला शंभर लिटरच्या वर-खाली. ती जाते कुठे, हाच या अंगणाचा खरा प्रश्न.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. युरियाला वास नसतोच. किंबहुना प्राण्यांच्या शरीरानं युरिया घडवला तो याचसाठी: प्रथिनं पचताना निघणारा अमोनिया विषारी असतो, म्हणून यकृत त्याला युरियाच्या रेणूत बांधून, शांत करून मूत्रपिंडाकडे धाडतं. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्योलर यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि आपले गुरू बर्झेलियस यांना कळवलं, की मला त्यासाठी माणसाचं किंवा कुत्र्याचं मूत्रपिंड लागलं नाही. सजीवांची रसायनं सजीवांबाहेरही घडू शकतात, याची ही पहिल्या काही खुणांपैकी एक. आणि त्या पत्रातही कुत्रा आहेच!

वास सुरू होतो तो जिवाणूंमुळे. त्यांच्यापाशी युरिएज नावाचं विकर असतं. नुसत्या पाण्यात युरिया वर्षानुवर्षं टिकू शकतो; युरिएज त्याचे रेणू सेकंदाला हजारोंनी फोडतं आणि बांधून ठेवलेला अमोनिया मोकळा होतो. याच युरिएजचे स्फटिक १९२६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स समनर यांनी मिळवले. कुठल्याही विकराचे मिळालेले ते पहिले स्फटिक. विकर म्हणजे प्रथिन असतं हे त्यातून दिसलं, आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. समनर मूळचे डावखुरे, आणि सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात त्यांचा डावा हातच गेला होता. एका हातानं, उजव्या हातानं, नऊ वर्षं ते एका शेंगेच्या बियांचं पीठ ढवळत, गाळत, थंड करत राहिले. ती शेंग म्हणजे आपल्या अबईची सख्खी बहीण. कोकणात कुंपणावर लोंबणाऱ्या त्या तलवारीएवढ्या शेंगांकडे मी आता पूर्वीसारखी पाहूच शकत नाही.

जिवंत मातीतही युरिया असाच फुटतो. पण तिथे पुढचे हात तयार असतात. अमोनियाचा अमोनियम होतो, मातीचे कण त्याला धरून ठेवतात, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट, आणि गवताची मुळं ते पिऊन टाकतात. चट्ट्याभोवतीचं ते गर्द हिरवं कडं म्हणजे ही पंगत नीट उठली याची पावती. प्लॅस्टिकच्या गवतात पहिली पायरी तशीच घडते, कारण जिवाणू सगळीकडेच असतात. पुढे मात्र कोणी नसतं. माती नाही, मूळ नाही. अमोनिया तिथेच घुटमळतो आणि उन्हं तापली की वर येतो. कृत्रिम गवताला येणाऱ्या दुर्गंधीचं मुख्य कारण हे, आणि नुसतं सुगंधी फवारे मारून ते जात नाही. पाण्यानं खाली वाहून न्यावं लागतं, किंवा मातीचं काम दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावं लागतं.

चौथ्या दिवशी हा ‘दुसरा’ गोण्या भरून आला. पात्यांच्या बुडाशी भरण घालतात, पाती उभी राहावीत आणि गवताला वजन यावं म्हणून. स्वस्तात वाळू घालतात. इथे मात्र राखाडी-हिरवट, ज्वारीच्या कणीसारखी खडी होती. मी मूठभर घेतली. दगड असून हलकी. मुकादम म्हणाला, झिओलाइट. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

झिओलाइट! ज्या गावात मी जन्मले त्या पुण्याच्या आसपासच्या खाणींमधून, नाशिक-जळगावकडच्या विहिरींमधून, झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि आत मोतिया, गुलाबी, पांढरे स्फटिक फुलले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात रेल्वेसाठी सह्याद्री फोडला तेव्हा ते ढिगांनी बाहेर पडले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांच्यापुढे उभं राहून मी एक अख्खी दुपार घालवली आहे. माझ्या मनात झिओलाइट म्हणजे काचेच्या कपाटातली ऐट. तो इथे कुत्रीच्या मोरीची व्यवस्था बघायला आला होता.

हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट यांनी दिलं. त्यांनी असा एक दगड ज्योतीत धरला, तर तो फसफसून उकळल्यासारखा दिसला. ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्याला ‘उकळता दगड’ म्हटलं. उकळत होतं ते दगडातलं पाणी. झिओलाइट आतून पिंजऱ्यांचा बनलेला असतो; सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जाळ्या, त्यांना मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाहूनही लहान खिडक्या. अ‍ॅल्युमिनियममुळे त्या जाळीवर ऋण विद्युतभार राहतो, म्हणून तिथे सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन बिऱ्हाड करून असतात. अमोनियमचा आयन धनभारित, त्यात या खिडक्यांत बसेल अशा मापाचा. तो आला की पिंजरा त्याला आत घेतो आणि सोडियमला बाहेर काढतो. अमोनियम आत अडकला की अमोनिया हवेत उडत नाही, मग नाकाला कळत नाही. सगळी बिऱ्हाडं भरली, की मिठाच्या दाट पाण्यानं उलटा व्यवहार करता येतो: सोडियमची गर्दी करा, अमोनियम बाहेर पडेल, आणि तो वाहून न्या.

अंगणात आलेल्या झिओलाइटचं नाव क्लिनोप्टिलोलाइट. अमेरिकेच्या पश्चिमेकडे ज्वालामुखीची राख प्राचीन तळ्यांत पडून, बदलत बदलत त्याचे थर झाले. आणि आपल्या दख्खनच्या पोकळ्यांत सापडतो त्या ह्युलँडाइटची आणि याची आतली जाळी एकच आहे, फरक फक्त सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमच्या प्रमाणाचा. एक भावंड संग्रहालयात, एक अंगणात. तळहातावरची ती कणी मी कितीतरी वेळ खाली टाकली नाही.

हे सगळं झालं तरी एका बाबतीत हे गवत मातीपुढे तोकडंच पडतं, आणि कुत्रं पाळणाऱ्यानं ते पक्कं लक्षात ठेवायला हवं. ते तापतं. खरं गवत दिवसभर पाण्याची वाफ करत असतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. तेवढंच पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त. ती सगळी उष्णता गवत उन्हातून उचलून हवेत सोडून देतं. प्लॅस्टिकपाशी ही सोय नाही. २००२ मध्ये युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात संशोधकांनी कृत्रिम मैदानाचं तापमान मोजलं. पाणी मारण्याआधी ते सुमारे ७९ अंश सेल्सिअस होतं. पाणी मारल्यावर २९ वर आलं. पाच मिनिटांत ४९ झालं आणि वीस मिनिटांत ७३. म्हणजे भर दुपारी नळी धरून उभं राहणं व्यर्थ आहे. सावली हवी. लेकीनं अर्ध्या अंगणावर कापडी छत ताणून घेतलं, हे मला सगळ्या खर्चातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. कुत्र्याच्या तळव्याची गादी जाड दिसते, पण ती भाजते. टायरच्या रबराचा काळा भुगाही म्हणून कुत्र्याच्या अंगणात भरू नये; तो आणखी तापतो, आणि कुत्री जमिनीवरचं काहीही तोंडात घालतात.

शेजारच्या घराची खिडकीसुद्धा पाहून घ्यावी. ऊन परतवणारी दुहेरी काच थंडीत आतल्या हवेच्या दाबातल्या फरकानं किंचित आत वाकते, तिचा अंतर्वक्र आरसा होतो, आणि ती सूर्याचा झोत अंगणात एका पट्ट्यावर एकवटते. तेवढ्या पट्ट्यातलं गवत वितळून आखडतं. असे पट्टे मी त्याच गल्लीत दोन घरी पाहिले.

प्लॅस्टिकचे झिजून सुटणारे कण, आयुष्य संपल्यावर या गुंडाळ्यांचं काय करायचं, हे प्रश्न खरे आहेत. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा बदलून गावांना असं गवत नाकारायची मोकळीक दिली ती याच काळजीतून. पाऊस पडतो, माती जिवंत आहे अशा ठिकाणी मी तरी हे गवत घालणार नाही. आमच्या पुण्याच्या अंगणात हरळी आणि मुंगळे आहेत ते बरे आहेत. वाळवंटात, कोलोरॅडोच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात, अकरा किलोंच्या एका जिवासाठी केलेलं हे काम मात्र मी मनापासून पाहिलं.

पहिले दोन दिवस चिंगीनं तिथे पाऊल टाकलं नाही. कुत्र्यांना पायाखाली काय आहे यावरून जागेची सवय लागते, आणि या जागेला तिचा वासच नव्हता. मग जावयांनी जुन्या हिरवळीचा, तिच्याच चट्ट्यातला एक वाळका तुकडा एका कोपऱ्यात आणून ठेवला. चिंगी गेली, हुंगलं, तीनदा गोल फिरली आणि बसली. लेक नळी घेऊन गेली, पाणी सोडलं. पाणी पात्यांतून, झिओलाइटमधून, खडीतून खाली गेलं, उताराच्या कडेला आलं आणि दिसेनासं झालं.

मे संपता संपता ऊन चढलं. संध्याकाळी सात वाजता मी पायरीवर बसले होते. दारात चिंगी शेपूट आपटत उभी. लेक अनवाणी नाही, चपला घालून अंगणात उतरली, उकिडवी बसली आणि हाताची पालथी बाजू गवतावर टेकवून मोठ्यानं मोजू लागली, लहानपणी मी तिला मोजायला शिकवलं तसं, एक, दोन, तीन. चारला तिनं हात उचलला. आम्ही थांबलो. डोंगर तांबडे झाले, मग जांभळे. पुन्हा तिनं हात टेकवला. पाच, सहा, सात, आणि ती म्हणाली, “ये गं.”